मुलगी वीस वर्षांची आहे. तिच्याशी हे कसं बोलू?

सायली_मुलुंड
नमस्कार मंडळी. इथे मी वाचते जास्त, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले कारण घरात कुणाला विचारता येत नाहीये.

लेक वीस वर्षांची आहे. माटुंग्याला कॉलेज, शेवटचं वर्ष. परवा रात्री मी भांडी विसळत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी आणि तो पुढच्या महिन्यात अलिबागला जाणार आहोत. एक रात्र राहणार आहोत. तुला खोटं सांगून जायचं नाहीये म्हणून सांगतेय." 'तो' मला माहीत आहे, दोन-तीनदा घरी येऊन जेवून गेलाय. मी "बघू" म्हटलं आणि नळ मोठा केला. ती जरा वेळ थांबली, मग आत गेली. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे डबा घेतलास का आणि छत्री घेतलीस का.

माझ्या आईने मला लग्नाच्या आदल्या रात्री, मेंदीच्या हातांना लिंबू-साखर लावता लावता एकच सांगितलं होतं: "ते म्हणतील तसं वाग, आणि ओरडू नकोस, बाहेर माणसं असतात." लालबागची चाळ, लग्नघर, बाहेर माणसं असणारच होती. आज सव्वीस वर्षांनीही ते वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं. ते मला पुढे द्यायचं नाही. पण त्याच्या जागी काय द्यायचं, ते माझ्यापाशी नाही.

पाठवू की नको, हा माझा प्रश्न नाही. ती सज्ञान आहे, तिने परवानगी मागितलेली नाही, सांगितलंय. ती सुरक्षित राहावी आणि या गोष्टीची तिला भीती किंवा किळस वाटू नये, एवढंच मला हवंय. कुठून सुरुवात करू?

मोगरा
सायली, पोरीने येऊन सांगितलं! आमच्या वेळी आम्ही "मैत्रिणीकडे अभ्यासाला" गेलो होतो, सगळ्याच. तुझं अर्धं काम तू मागच्या वीस वर्षांत केलेलं आहेस. आता फक्त तो नळ बंद कर आणि तिच्याकडे वळ.

नाना_गिरगावकर
ताई, राग मानू नका, वेगळं मत मांडतो. वीस म्हणजे शिकायचं वय. आईने बसून या विषयाची माहिती दिली की मुलीला ती संमतीच वाटते. मुलं चुका करतात, पण घराने पायघड्या घालू नयेत. तुम्ही स्पष्ट "नको" म्हणा. ऐकेल न ऐकेल, निदान घराची रेघ कुठे आहे ते तिला कळेल.

लेडीज_स्पेशल
नानाकाका, मी चोवीस वर्षांची आहे. घराची रेघ कुठे होती ते मला नीट ठाऊक होतं. म्हणूनच मी घरी काही बोलले नाही. पुढे काय झालं ते लिहिते.

एकोणीस वर्षांची असताना मी त्याच्याबरोबर लोणावळ्याला गेले, घरी कॉलेजची सहल सांगून. कंडोम फाटला. मला एवढंच माहीत होतं की एक गोळी मिळते. कोणती, किती वेळात घ्यायची, काहीच माहीत नाही. परत आल्यावर दादर स्टेशनबाहेरच्या केमिस्टपाशी गेले. काउंटरला पाच-सहा पुरुष. आधी क्रोसिन घेतली. परत फिरले, स्ट्रेप्सिल्स घेतल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने स्वतःच भुवया उडवून विचारलं, "काय पाहिजे?" सगळ्यांनी वळून पाहिलं. मी बँड-एड घेऊन घरी आले.

गोळी घेतली ती पन्नास-पंचावन्न तासांनी, एका मैत्रिणीने आणून दिली तेव्हा. मग पाळी नऊ दिवस पुढे गेली. ते नऊ दिवस मी आईच्या समोर बसून वरण-भात जेवत होते. ती विचारायची, "चेहरा का उतरलाय?" मी म्हणायचे, "सबमिशन आहेत." मरावं असं वाटण्यापर्यंत मजल गेली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी, जी आईने एका वाक्यात सोडवली असती.

पाळी आली. पण त्या नऊ दिवसांनी माझं आणि आईचं जे तुटलं ते पुरतं जुळलेलं नाही. तिला अजून माहीतच नाही की काही तुटलंय.

सायलीकाकू, तुमच्या मुलीला पहिलं वाक्य हे द्या: "काहीही झालं, रात्रीचे तीन वाजलेले असोत, मला फोन कर. ओरडणार नाही, कारण विचारणार नाही. आधी तुला घरी आणू, बाकीचं नंतर." बाकी सगळं गूगलवर मिळतं. हे मिळत नाही.

मोगरा
लेडीज_स्पेशल, जवळ असतीस तर पाठीवरून हात फिरवला असता गं.

चाफेकळी
वरचा प्रतिसाद वाचून ट्रेनमध्ये डोळे पुसले. क्रोसिन आणि स्ट्रेप्सिल्स. माझ्या वेळी विक्स होतं.

डॉ_अनघा
मी डोंबिवलीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस. लेडीज_स्पेशलसारख्या मुली दर आठवड्याला येतात, आणि बऱ्याचशा उशिरा येतात. सायलीताई, मुलीला सांगायच्या ठोस गोष्टी लिहिते. वाटल्यास हा प्रतिसादच तिला पाठवा.

कंडोम दर वेळी, सुरुवातीपासून. अर्ध्यातून नाही. वापराची तारीख बघायची. मुलगे तो पाकिटात घालून महिनोन्‌महिने त्यावर बसतात, उष्णतेने आणि दाबाने रबर कमकुवत होतं. एकावर एक दोन घालायचे नाहीत, घासून फाटतात. आणि घरोघरी आढळणारी चूक म्हणजे खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत खराब होतं. वंगण हवंच तर पाण्याचा बेस असलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं.

आपत्कालीन गोळीत लिव्होनॉर्जेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम असतं. ७२ तासांच्या आत घ्यायची, पण ७२ ही शेवटची गाडी आहे. जितकी लवकर तितका उपयोग जास्त. चिठ्ठी लागत नाही. ती बीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिलेला असेल तर तो ती पाडत नाही, म्हणजे ही गर्भपाताची गोळी नव्हे. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. त्यानंतरची पाळी मागेपुढे होऊ शकते, लेडीज_स्पेशलची झाली तशी. आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करायची, घरच्या घरी होते. दर महिन्याला ही गोळी घ्यायची वेळ येत असेल तर माझ्यासारखीकडे या, नियमित साधनं कितीतरी आहेत. आणि गोळीने गर्भ टळतो, संसर्ग टळत नाहीत.

गर्भपाताच्या गोळ्या मात्र कुणा मित्राकरवी आणून घरात घेऊ नका, हे हात जोडून सांगते. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटू शकते. पोटात रक्तस्राव होऊन पांढरीफटक पडलेली मुलगी मी टेबलवर घेतलेली आहे. आधी तपासणी, मग गोळ्या, डॉक्टरच्या देखरेखीत.

लस. गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो, आणि तो बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. पुण्याच्या सिरमची भारतीय लस २०२२ मध्ये मंजूर झाली. संबंध सुरू होण्याआधी घेतली तर फायदा सर्वांत जास्त, पण नंतरही घ्यावी. तुमच्या लेकीची झाली आहे का?

शेवटचं, आणि हे मी प्रत्येक मुलीला सांगते. पहिल्या वेळी रक्त आलंच पाहिजे असं काही नाही. अनेकींना येत नाही. योनीपटल हे काही दाराचं सील नव्हे. ते ताणलं जातं, प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि ते पाहून कुठलाही डॉक्टर कौमार्य सांगू शकत नाही.

इतिहासवेडा
डॉक्टर, शेवटच्या मुद्द्याला पुरवणी. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा भाग न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून काढला. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. आणि २०१८ मध्ये कंजारभाट समाजातल्या तरुणांनीच लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम उघडली, जातपंचायतीचा बहिष्कार सोसून. रात्री चादर तपासणाऱ्या माणसांसमोर उभं राहायचं, तेही स्वतःच्याच घरातल्या. मला त्या मुला-मुलींबद्दल फार आदर आहे.

अवांतर होईल, तरी लिहितो. हा धागा शंभर वर्षं जुना आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये याच मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. पुढे याच कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण लैंगिक प्रश्नांना उत्तरं देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात उभी केली. आणि कर्वे नुसते "मुलं कमी होऊ द्या" म्हणून थांबले नाहीत. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी तेव्हा लिहिलं.

चाफेकळी
अवांतर कसलं, हाच विषय आहे. कुटुंब नियोजन संघटनाही इथलीच ना? १९४९, धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया. माझी आजी त्यांच्या शिबिरात जायची आणि येताना तांबी बसवलेल्या बायकांचे किस्से सांगायची.

इतिहासवेडा
हो, मुंबईतच. आणि डॉ. महिंदर वत्सांनी ७० च्या दशकात लैंगिक समुपदेशन सुरू केलं ते त्याच संस्थेत. पुढे वर्तमानपत्रातलं त्यांचं प्रश्नोत्तरांचं सदर लोकलमध्ये लोक शेजाऱ्याच्या खांद्यावरून वाचायचे. २०२० मध्ये गेले, ९६ वर्षांचे होऊन.

बाबुराव_बदलापूर
तो खांद्यावरून वाचणारा मीच. फास्ट लोकलमध्ये ठाण्याला पेपरवाला उतरला की सदर अर्धंच राहायचं. अर्धं ज्ञान घेऊन मी लग्न केलं, उरलेलं बायकोने शिकवलं. चांगलं शिकवलं.

चाफेकळी
बाबुराव!! वहिनींना नमस्कार सांगा.

मेडिकलवाला_परळ
केमिस्टचा विषय निघालाय तर आमची बाजू. वडिलांपासून दुकान आहे. सॅनिटरी पॅड पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत देतात, ते आम्ही सात-आठ वर्षांपूर्वी बंद केलं. पहिल्या आठवड्यात तीन बायका पिशवी मागायला परत आल्या. कंडोम आता काउंटरच्या पुढच्या रॅकवर ठेवलेत, उचलायचं आणि पैसे द्यायचे, नाव घ्यायला नको. आणि पोऱ्यांना शिकवलंय, गोळी मागायला मुलगी आली तर भुवया जागेवर ठेवायच्या, आवाज हळू, आणि एकच विचारायचं: "किती तास झाले?"

लेडीज_स्पेशल, ते दुकान माझं नव्हतं. तरी माफी मागतो.

लेडीज_स्पेशल
दादा, तुमच्या पोऱ्यांना माझ्याकडून वडापाव.

नाना_गिरगावकर
सगळं वाचलं. लेडीज_स्पेशल, बाळा, तुझे ते नऊ दिवस वाचून जेवण गेलं नाही. तरी एक विचारतो. आपण इथे गोळ्या, साधनं, लसी यावरच बोलतोय. मनाचं काय? मुलीचा जीव जडतो, मुलगा निघून जातो. त्याला कुठलं साधन आहे?

कावेरी_विलेपार्ले
नानांचा प्रश्न रास्त आहे. मी उत्तर देऊ पाहते, पण दुसऱ्या टोकाने.

माझं वय चौतीस. लग्नाआधी काही नाही, घरची रेघ पूर्ण पाळली. लग्नात मावशीने डॉ. विठ्ठल प्रभूंचं कामजीवनावरचं पुस्तक दिलं, ते सासरी कपाटात कपड्यांखाली राहिलं, उघडायची लाज. आणि लग्नानंतर चार वर्षं संबंध होऊच शकला नाही. जवळ आलं की अंग आवळून यायचं, मांड्या दगड. दुखायचं म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी. मला वाटायचं माझ्यात काही कमी आहे. नवऱ्याला वाटायचं मला तो आवडत नाही. सासूबाई दर श्रावणात विचारायच्या. चौथ्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, याला योनीआकर्ष म्हणतात, तुझा दोष नाही, बरं होतं. फिजिओथेरपी आणि समुपदेशन मिळून सात महिन्यांत बरी झाले.

त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुला स्वतःला काय आवडतं?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "म्हणजे?" तीस वर्षांच्या बाईला स्वतःचं शरीर म्हणजे इतरांपासून झाकायची, राखायची, नंतर एकाच्या हवाली करायची वस्तू वाटत होती. त्यात माझं मला काही आवडू शकतं, ही शक्यताच कुणी ठेवली नव्हती. मग हळूहळू शिकले. आंघोळीच्या वेळी आरशात नीट पाहणं, कुठे स्पर्श बरा वाटतो, कुठे नाही, हे आधी स्वतः ओळखणं. लिहायला आजही संकोच वाटतो, पण लिहितेच. जिला स्वतःचं "हो" ओळखता येत नाही, तिला "नाही" तरी कुठल्या तोंडाने म्हणता येणार? तिला फक्त भीती ओळखता येते.

म्हणून नाना, मन सांभाळायचं साधन तेच आहे. मुलीला स्वतःला काय हवंय हे कळत असेल, तर ती कुणाला धरून ठेवायला म्हणून शरीर देणार नाही. आणि दुखतंय, तर दात दाबून पडून राहणार नाही. दुखत असेल तर थांबायचं. हे वाक्य मला लग्नाआधी मिळायला हवं होतं.

डॉ_अनघा
कावेरी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हा त्रास किती जणींना असतो आणि किती जणी "पहिल्यांदा दुखतंच" या वाक्याखाली वर्षं काढतात! दुखणं हे तपासायचं लक्षण आहे.

मोगरा
कावेरी, शेवटचा परिच्छेद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

निळाशार
एक बाजू सुटतेय. मला सव्वीस वर्षांत असं काही करावंसं वाटलेलंच नाही. मैत्रिणी म्हणतात थंड आहेस, काही तरी उपचार घे. मी ठीक आहे. सायलीताई, मुलीशी बोलताना "आज ना उद्या होणारच" असं गृहीत धरू नका. तिकडे गेल्यावर तिला नकोसं वाटलं तरी ते चालतं. खोलीचे पैसे भरलेत म्हणून काही देणं लागत नाही.

दोघी_चौपाटीवर
निळाशारला अनुमोदन. आणि 'तो' असेलच असंही गृहीत धरू नका, बाकीच्या आयांसाठी सांगतेय. माझ्या आईने मला मुलांपासून इतकं जपलं, की माझं प्रेम एका मुलीवर आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. २०१८ मध्ये कलम ३७७ चा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा, त्या संध्याकाळी आम्ही दोघी गिरगाव चौपाटीवर भेळ खात बसलो होतो, आणि घरी मात्र बोलायला शब्द नव्हते. सुरक्षित असणं आम्हालाही हवं असतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "लग्न झालंय का?"

डॉ_अनघा
तो प्रश्न मी विचारणं सोडलं. "संबंध येतो का, आणि कुणाशी" असं विचारते, आईला बाहेर बसवून.

दहा_बाय_बारा
मुंबईत जागेचाही प्रश्न आहे, त्यावर कुणीच बोललं नाही. आमच्या खोलीत सहा माणसं. मी आणि ती बँडस्टँडला बसायचो, खडकावर, छत्री पाऊस नसतानाही उघडी. शेजारच्या छत्रीशी आपला काही संबंध नाही असं दोन्ही छत्र्यांनी मानायचं. तिथेही हवालदार यायचा. २०१५ मध्ये मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडप्यांना उचललं होतं, आठवतंय ना? चोरून, घाईत, भीतीत जे होतं त्यात कंडोम कुठला आठवायला. बंद दार आणि निवांत वेळ हीसुद्धा सुरक्षिततेची गोष्ट आहे. सायलीताईंची मुलगी नाव-गाव देऊन, खोली ठरवून, आईला सांगून जातेय. आम्हा छत्रीवाल्यांना विचारा याची किंमत.

ॲड_मृण्मयी
छत्रीवरून कायद्याकडे येते.

सज्ञान, अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलात एकत्र राहू नये असा कायदा नाही. हॉटेलवाला ओळखपत्र मागू शकतो, लग्नाचा दाखला मागायचं कारण नाही. वय मात्र १८ पूर्ण हवं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्याखालच्या मुलीची संमती ही संमती धरलीच जात नाही, मुलगाही सतराचा असला तरी.

गर्भपात: २०२१ च्या दुरुस्तीनंतर "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" याऐवजी "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आले. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं हे कारण अविवाहितेलाही लागू झालं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या बाबतीतही विवाहित-अविवाहित भेद चालणार नाही असं सांगितलं. सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची, बापाची लागत नाही. तिचं नाव डॉक्टरने गुप्त ठेवायचं असतं.

फोटो: स्वतःहून काढू दिला म्हणजे पसरवायला परवानगी दिली असं होत नाही. कायद्यात हे स्पष्ट आहे. कुणी धमकी दिली तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायची नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे, कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, महिला हेल्पलाइन १८१. माझ्याकडे येणाऱ्या मुली फोटोपेक्षा घरच्यांना जास्त घाबरलेल्या असतात. धमकावणाऱ्याचं सगळं भांडवल तेच असतं. "आईला माहीत आहे" म्हणता आलं की त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

दोन_मुलांचा_बाप
सगळं मुलींना शिकवायचं, आणि आमच्या पोरांना? मी माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन बसलो. भाषण पाठ केलं होतं, सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "ती गप्प बसली म्हणजे हो नाही. विचारायचं. मध्येच नको म्हणाली तर मध्येच थांबायचं. आणि कंडोम तू न्यायचा, ती आणेल म्हणून वाट बघायची नाही." पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "बाबा, माहितेय." मग दहा मिनिटांनी परत आला आणि विचारलं, "पण विचारायचं कसं? मूड जात नाही का?" मी म्हटलं, आईला मी आजही विचारतो. तो पळून गेला.

मराठीशाळा_बाई
मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. वीस फार उशीर आहे, ताई. तुमच्याबद्दल नव्हे, आपल्या सगळ्यांबद्दल म्हणतेय. २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं तेव्हा मी नवीन होते, पेटीतले तक्ते गुंडाळून माळ्यावर टाकले. सातवीतल्या मुली शरीराच्या त्या भागाला "शूची जागा", "खालचं", "ते" म्हणतात. नाव नाही तर तिथे खाजतंय, दुखतंय, कुणी हात लावला, हे सांगणार कशाने? मी आता फळ्यावर योनी हा शब्द लिहिते. पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी वहीत उतरवतात, तिसऱ्या दिवशी एखादी मधल्या सुट्टीत येऊन हळूच विचारते, "बाई, अंगावरून पांढरं जातं ते आजार असतो का?" तिसऱ्या दिवसासाठी सगळं करायचं.

नाना_गिरगावकर
मला सगळं पटलं असं म्हणणार नाही. वीस मला लहानच वाटतं, आणि अलिबाग मी नसतं चालवून घेतलं. डॉक्टर, एक विचारायचं होतं. नात बारा वर्षांची आहे. ती लस म्हणता, तिला दोनच डोस ना? आणि सुनेला हे कुणी सांगावं, मी की आमच्या सौ.?

डॉ_अनघा
दोनच, नाना. सहा महिन्यांच्या अंतराने. आणि सुनेला तुम्हीच सांगा.

सायली_मुलुंड
सगळ्यांचे आभार. अकरा दिवसांनी लिहितेय.

बोलले. घरात जमेना. ती कॉलेजातून येणार होती, मी माटुंग्याला जाऊन तिच्या गाडीत चढले, स्लो लोकल, बायकांचा डबा. घाटकोपरला खिडकी मिळाली. समोर मटार सोलत बसलेल्या एक बाई, कोथिंबिरीचा वास. तिचं बोट सॅकच्या पट्ट्यातल्या एका सुटलेल्या धाग्याशी खेळत होतं. मी लेडीज_स्पेशलचं वाक्य म्हटलं, रात्रीचे तीन वाजलेले असोत. धागा ओढायचा थांबला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या दिवशी तू नळ मोठा केलास ना, तेव्हा मी ठरवलं होतं की परत काही सांगायचं नाही."

विक्रोळीपर्यंत मी रडले. बाईंनी मटाराच्या शेंगा पुढे केल्या, आम्ही दोघींनी घेतल्या.

मुलुंडला उतरून रिक्षा केली नाही, चालत आलो. साधनांचं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत निघालं. खोबरेल तेलाचं माहीत नव्हतं. कावेरीचा प्रतिसाद तिने फुटपाथवर उभी राहून दोनदा वाचला. निळाशारने लिहिलेलं सांगितलं, पैसे भरलेत म्हणून देणं लागत नाहीस, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बरं वाटलं ऐकून." जाणार की नाही, ते अजून तिचं ठरायचंय, आणि मी विचारलेलं नाही.

सोसायटीच्या गेटपाशी तिने विचारलं, "आई, तुला कधी कुणी विचारलं होतं का, तुला काय हवंय?" मी मेंदी आणि लिंबू-साखरेची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती, इथे पहिल्यांदा लिहिली. तिने माझा हात धरला आणि वर घरी जाईपर्यंत सोडला नाही, लिफ्टमध्ये शेजारचे काका होते तरी.

लस राहिली होती. शनिवारी डॉक्टरकडे जातोय. नाव नोंदवताना तिथल्या मुलीने मला विचारलं, "तुमची स्वतःची गर्भाशयमुखाची तपासणी शेवटची कधी झाली?" बाळंतपणानंतर मी त्या टेबलावर चढलेच नाहीये. तिची साडेअकराची वेळ आहे, माझी पावणेबाराची.